फोनपासून लांब

आई फोन बूथच्या दिशेने निघालेली दिसली, तसा हरीश गळ तळ्याकाठीच टाकून पळत सुटला. बायपासनंतर पळायचं नसतं, हे त्याला अर्ध्या वाटेत आठवलं.

"कुठे निघालीस?"

"पाय मोकळे करायला. तू का धापा टाकतोयस?"

"काही नाही. चल, चहा टाकू."

दंडाला धरून त्याने तिला तंबूकडे वळवलं. लाल बूथ मागे साळसूदपणे उभा राहिला.

नागपूरला धाकटा भाऊ विनय आयसीयूत होता. हे आईपर्यंत पोचू द्यायचं नव्हतं. पंच्याहत्तरी उलटलेली, ब्लडप्रेशर वरखाली. विनय तर तिचा जीव की प्राण. हरीशने पुतणीला, वैभवीला फोनवर बजावलं होतं, आजीला एक शब्द कळता कामा नये. स्वतः तो जाऊही शकत नव्हता. ऑगस्टच्या चेकअपपर्यंत विमानप्रवास बंद, असं एडिनबराच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्यातल्या त्यात नशीब म्हणजे ही ट्रिप आईनेच काढली. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत यायला कुरकुरणारी आई एका सकाळी म्हणाली, "मला ते स्कॉटलंडचं वरचं टोक दाखव. जिथे मोबाइल लागत नाही म्हणतोस ना, तिथपर्यंत." हरीशला तर हवंच होतं. बायकोला, सुप्रभाला हॉस्पिटलातल्या नोकरीतून रजा मिळत नव्हती, पण तिने एका शब्दाने वाद न घालता माळ्यावरचा तंबू काढून दिला. चोवीस वर्षांच्या संसारात असं फारसं झालेलं नव्हतं.

आईच्या अटी मात्र भारी. बी अँड बी नको, लोकांच्या घरात कशाला राहायचं. हवेची गादी नको. "सतरंजीवर झोपू, तूही खालीच झोप, पाठीला बरं असतं." दाढीचं सामान तो बाहेर काढत होता तर म्हणाली, "राहू दे की. इथे कोण मेंढ्यांना दाखवायचंय?"

इन्व्हर्नेसला मित्र गिरीश रस्त्यात येऊन थांबला होता. त्याला नातू झाला होता. घरी चला म्हणून त्याने परोपरीने सांगितलं, पण आई गाडीतून उतरलीच नाही. पायांना मुंग्या आल्यात म्हणाली. त्याने खिडकीतून दिलेले पेढे तिने न उघडता मागच्या सीटवर ठेवले, आणि हरीशने हात पुढे केला तेव्हा म्हणाली, "तुला गोड चालत नाही."

तिथून पुढे रस्ता एका गाडीपुरताच. समोरून गाडी आली की बाजूच्या खाचेत घुसून थांबायचं, हात करायचा. प्रत्येक वस्तीवर हरीशची नजर आधी बूथ शोधायची आणि मग तो आईला दुसऱ्या बाजूचा समुद्र दाखवायचा.

त्या दुपारी गळाला चांगला हातभर ट्राउट लागला. आई मूळची वेंगुर्ल्याची. माशाशिवाय जेवण तिला जेवण वाटत नसे. तो विजयी मुद्रेने आला.

"सोड त्याला," ती म्हणाली.

"अगं, ताजा आहे. मस्त तळू."

"सोड म्हटलं ना. वरणभात पुरे."

वरणही बिनफोडणीचं. स्टोव्ह लहान आहे, म्हणाली. माणूस म्हातारपणी हळवं होतं, असं हरीशने मनाशी ठरवलं आणि मासा पाण्यात सोडला.

संध्याकाळी कँपसाइटच्या ऑफिसातला म्हातारा त्याला म्हणाला, "तुमच्या आईला फोन आला होता. इंडियातून."

हरीश तसाच माघारी वळला. तो तंबूपाशी आला तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"वैभवी होती," तीच म्हणाली. "सुप्रभाने नंबर दिला तिला."

"काय... काय म्हणाली?"

"तुझीच चौकशी. काकाला जप, म्हणाली."

त्याने तिचा चेहरा निरखला. डोळे कोरडे, बोटं तांदळात. त्याचा जीव भांड्यात पडला. पोरगी गुणाची, काही फुटू दिलं नाही.

दूध आणतो सांगून त्याने बूथ गाठला.

"विनय कसा आहे?"

"तसाच," सुप्रभा म्हणाली. "तू गोळ्या घेतोयस ना?"

"घेतोय गं. आई मजेत आहे. तिला पत्ताच नाही कशाचा."

"बरं," ती म्हणाली.

परतल्यावर आईने विचारलं, "उद्या वार कुठला रे?"

हे ती रोज विचारायची. कंटाळली असेल बिचारी.

"रविवार. निघायचं का परत?"

"निघू. उद्या दाढीही करून टाक."

सकाळी त्याला जाग आली तेव्हा शेजारची सतरंजी रिकामी होती. बूट न घालताच तो बाहेर धावला. बूथमध्ये कोणी नव्हतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग तळ्याकाठी पांढरी शाल दिसली.

आई एका सपाट दगडासमोर बसली होती. दगडावर भाताचा गोळा होता, त्यावर काळे तीळ. चटणीला हवेत म्हणून तिने निघताना एडिनबराच्या देशी दुकानातून घेतलेले. थोड्या अंतरावर इथला तो राखाडी जाकीट घातल्यासारखा कावळा मान वाकडी करून बघत होता. जवळ येत नव्हता.

"वैभवीचं शिक्षण काका पुरं करेल," आई त्याला हलक्या आवाजात सांगत होती. "आणखी काय राहिलंय, सांग ना रे."

हरीशच्या पायाखाली खडे वाजले. आईने वळून पाहिलं नाही.

"गोळी घेतलीस?"

"न... नाही अजून."

"आधी घे. मग ये आणि तू सांग त्याला. माझं ऐकत नाहीये विनय."