नामाजीचं लंघन

पाचव्या दिवशी सकाळी घरातली चूल पेटली नाही, आणि आपण अर्धी लढाई जिंकलो असं नामाजीला वाटलं.

गेले चार दिवस त्या चुलीनेच त्याचा जीव खाल्ला होता. सात दिवस लंघन करायचं, पोटात अन्नाचा कण जाऊ द्यायचा नाही, फक्त लिंबू-मधाचं पाणी आणि दुधी भोपळ्याचा रस, असं हिंगोलीच्या निसर्गोपचाराच्या डॉक्टर प्रियदर्शनी यांनी बजावलं होतं. दुखणं बारा वर्षांचं. रोज घशाशी आंबट यायचं, छातीत आग पडायची, गोळ्या खाऊन खाऊन तोंडाची चव गेलेली. लंघन पार पडलं तर पोट सुधरणार होतं, नाहीतर पुन्हा आहेच जन्मभराची जळजळ. आणि त्याची बायको नर्मदाबाई मात्र रोज बाराच्या सुमाराला ज्वारीच्या भाकरी थापायला बसायची. खरपूस वास थेट ओसरीवरच्या बाजेपर्यंत यायचा. वर दारात उभी राहून विचारायची, "ताट करू?"

"न्हाई."

ती आत जायची. थोड्या वेळाने भाकरी घेऊन परसात यायची आणि गाईपुढे टाकायची. नामाजी डोळे मिटून पडून राहायचा. ही बाई मुद्दाम करून राहिली, याची त्याला पक्की खात्री होती.

खात्री असायला कारणही होतं. गेल्या वर्षी याच लंघनाच्या तिसऱ्या दिवशी नर्मदाबाई पिठल्याचं ताट घेऊन त्याच्यापुढे बसली होती. रडली होती. माझ्या गळ्याची शपथ म्हणाली होती. नामाजी विरघळला, पोटभर पिठलं-भाकर हाणली आणि संध्याकाळी पोट धरून लोळला. सेनगावच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लागली. तेव्हापासून घरी येईल त्या पाहुण्याला तो ऐकवत आला, "माझं पोट कवाच बरं झालं असतं. हिनं घात केला." पाहुणे हसायचे. नर्मदाबाई खाली मान घालून चहाचे कप पुढे करायची.

म्हणून काल त्याने फर्मान काढलं होतं, "उद्यापासून चूल पेटवायची न्हाई. मला वासच नको."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. एका शब्दावर ऐकणारी बायको त्याने साखरा गावात दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती, आणि स्वतःची तर नव्हतीच. त्यामुळे तो मनातून खूश होता.

आज तर त्याला हलकं वाटत होतं. छातीतली आग गेलेली. मधाचं पाणी घोट घोट घेत तो बाजेवर रेलला आणि अंगणात पाहू लागला. नर्मदाबाई शिजवलेली हळद उन्हात पसरत होती. लंघनात अंगमेहनत करायची नाही असा दंडक होता, त्यामुळे हळदीचं सगळं तिच्याच अंगावर आलं होतं. आज तिचा हात फार सावकाश चालला होता. दोन टोपल्या पसरल्या की ती खाली बसायची.

"ऊन वर आलं. जरा हात हलव," नामाजीने ओरडून सांगितलं.

ती उठली. चूल बंद केली म्हणून रुसली असेल, त्याला वाटलं. रुसू दे. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

अकरा वाजता डॉक्टर प्रियदर्शनींची गाडी आली. त्यांनी त्याचं वजन केलं, रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली.

"छान चाललंय काका. दोनच दिवस राहिले. पण आता मधेच मोडलं, तर सगळं पहिल्यापासून."

"मोडत न्हाई म्याडम. घरातच दुश्मन हाये, पण औंदा त्यालाबी बराबर केलं." अंगणात ऐकू जावं इतक्या मोठ्याने तो हे बोलला.

नर्मदाबाईने ऐकलं की नाही, कळलं नाही. टोपली उचलायला ती वाकली, ती वर उठलीच नाही. हळदीच्या ढिगावर तोंडघशी पडली.

डॉक्टर धावल्या. मागून नामाजी धावला. दोघांनी तिला सावलीत आणलं. डॉक्टरांनी तिच्या बोटाला सुई टोचली आणि यंत्रावरचा आकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी साखरेचं पाणी मागवलं, चमच्याने तिच्या ओठांत सोडलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"मावशी, शेवटचं कधी जेवलात?"

"ती कशाला उपाशी राहील म्याडम?" नामाजी मधेच म्हणाला. "लंघन तर मी करून राहिलो."

"आयतवारी," नर्मदाबाई म्हणाली. आवाज जेमतेम फुटत होता. "ह्यांचं झाल्यावर."

आज शुक्रवार होता.

नामाजीने बोटांवर दिवस मोजले. लग्न झाल्यापासून तो जेवून उठला की त्याच ताटात ती बसायची. दुसरं ताट या घरात तिने स्वतःसाठी कधी मांडलंच नव्हतं. भाकरी रोज होत होत्या, आणि तो ताटावर बसत नव्हता. आजपासून तर त्याने चूलही बंद करून टाकली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे पाहवेना.

"मंग सांगायचं काहून न्हाई?" तो कसाबसा म्हणाला.

नर्मदाबाईने आणखी एक चमचा पाणी गिळलं.

"सांगितलं असतं, तर तुमी जेवले असते."