बॉनेटवरचा चौकोन

खंडेनवमीला अमरगोळच्या गॅरेजमध्ये दीपश्रीच्या रेसिंग कारची पूजा आटपत आली होती, तेवढ्यात क्रीडा खात्याचे साहेब आले. हातात नव्या मंत्र्यांच्या फोटोचं स्टिकर, गुंडाळलेलं. "सरकार बदललं, अक्का. बॉनेटवर हे लावा, थांबलेली सरकारी मदत सुरू होईल." बॉनेटवरचा जुन्या मंत्र्यांचा चेहरा दीपश्रीने गरम पाणी ओतून खरवडला होता. बाकी रंग उन्हाने विटलेला, तेवढाच चौकोन लालभडक. त्यावर तिने हळदीकुंकवाची बोटं ओढली. "दर निवडणुकीला हिचं तोंड बदलत बसले, तर शर्यतीत पळवू कधी?" तिच्या वडिलांनी, अप्पांनी, रीतीप्रमाणे पेढा पुढे केला. प्रसाद घ्यायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून साहेबांनी गुंडाळी खाली ठेवली, पुढच्या चाकाखालच्या लिंबाशेजारी. दीपश्री आत बसली, इंजिन गुरगुरलं. "उचला, साहेब," ती म्हणाली, "नाहीतर लिंबाबरोबर मंत्रीही चिरडले जातील." आणि गिअर टाकला.