अवुओरचं मत

"बटण. बटण. बटण." अवुओरने फोनच्या आवाजाची नक्कल केली. "पोरी, यातलं कुठलं बटण मत देतं आणि कुठलं मला बाहेर हाकलतं?"

नसिमियूची मान खाली गेली. किसुमू शहरातल्या शिक्षक पतसंस्थेची निवडणूक यंदा पहिल्यांदाच फोनवर होणार होती, आणि ॲप तिनेच बनवलं होतं. डोळसांसाठी ते झकास चालत होतं. अवुओर जन्मापासून आंधळी, शाळेत इतिहास शिकवायची. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज लावून ती ॲप तपासायला बसली आणि पहिल्याच पानावर अडकली. उमेदवारांच्या फोटोंना नावंच जोडलेली नव्हती. आवाज नुसता 'चित्र, चित्र' म्हणत होता.

"मग काय, चित्राला मत देऊ?"

संस्थेतल्या एका साहेबांनी सोपा तोडगा काढला होता: आंधळ्या सभासदांनी घरच्या कुणाला तरी मदतीला घ्यावं. आजवर तेच चालत आलं होतं. अवुओरचा नवरा ओविती, तोही शिक्षकच, सगळ्या गावाचा 'मवालिमू' म्हणजे गुरुजी, तिच्यासोबत आडोशाला जायचा आणि तिच्या कागदावर खूण करायचा. आंधळ्याला मत असतं हे सगळे मान्य करतात. ते त्याचं स्वतःचं असतं, हे कुणाच्या टाळक्यात शिरत नाही.

पण यंदा ओविती स्वतः अध्यक्षपदाला उभा होता, समोर रोझलिन अमोंडी. आणि साहेबांवर तुटून पडला तोच. माझी बायको स्वतःच्या बोटाने मला मत देईल आणि सगळी आळी ते बघेल, असं त्याने भर बैठकीत ठणकावलं. नसिमियूला तो माणूस आवडून गेला.

मग दोघी भिडल्या. नसिमियूने दुरुस्त करायचं, अवुओरने पुन्हा मोडून दाखवायचं. फोटोंना नावं आली, बटणं बोलकी झाली. मत देता देता पान मधेच उडी मारून वर पळायचं, तेही ताळ्यावर आलं. अवुओर पडदा काळा ठेवूनच काम करायची; मला काय करायचाय उजेड, म्हणायची. आवाजाचा वेग तर असा की ओवितीला वाटे, पत्र्यावर गारा पडताहेत. नसिमियूलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ऐकून ऐकून तिचा कान तयार झाला. एकदा फोन काहीतरी वेडंवाकडं बोलला आणि अवुओरच्या आधी तीच हसली.

अवुओरने फोनचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे आता तुझ्यापासून काही लपायचं नाही."

मतदानाच्या सकाळी ओवितीचं घर शेजाऱ्यांनी भरलं. चहा फिरत होता, तळलेल्या गोड मंदाझीची परात रिकामी होत होती. अवुओर फोनची काच सारखी झग्याला पुसत होती. नसिमियूला बसवत नव्हतं. आज हे चाललं तर चाललं.

अवुओरने कानात इअरफोन घातला. ओवितीने तो हसत हसत काढून घेतला.

"लपवतेस काय? मोठ्याने ऐकू दे सगळ्यांना."

तिने फोन जवळ ओढला. मग तिचं बोट काळ्या काचेवरून सरकलं, दोनदा टेकलं. फोन तडतडला. शेजारी खो खो हसले. फोन आणखी एकदा तडतडला आणि तिच्या शेवटच्या होकारासाठी थांबला.

ओविती नसिमियूकडे वळला. "तुला कळते ना याची बोली? माझंच नाव घेतलं ना?"

अवुओरचं बोट हवेतच राहिलं. चेहरा नसिमियूच्या दिशेने वळला.

"हो, मवालिमू," नसिमियू म्हणाली. "स्पष्ट तुमचंच."

बोट दोनदा टेकलं. ओवितीने टाळ्या पिटल्या, बायकांनी आरोळ्या ठोकल्या, आणि अवुओर पोटापासून हसली. तिचं मत रोझलिन अमोंडीला पोचलं होतं.