रोजचा फोन

वाचनालयाच्या हॉलमध्ये माझ्या ताईचं भाषण अगदी रंगात आलं होतं. आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसाला कसं सावरावं, हा विषय.

"माझ्या ओळखीतली एक बाई," ताई माईकवर म्हणाली, "एक दिवस म्हणाली, जगावंसंच वाटत नाही. मी तिला रोज फोन करत राहिले. आज ती ठणठणीत आहे!"

टाळ्या पडल्या. शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "नशीबवान गं बाई ती!"

नंतर खुर्च्या आवरताना ताई कुजबुजली, "रागावू नकोस हं. नाव कुठे घेतलं मी तुझं?"

"घ्यायचं होतंस की," मी म्हटलं. "एवढ्या बायकांतून एकीने तरी खरंच फोन केला असता."