खारीचं हसू

इंग्रजी कार्टूनच्या संवादांत लिहिलं होतं, ‘खार डोकं गळून पडेस्तोवर हसते.’

“सर, आपल्याकडे नुसती मुरकुंडी वळते,” खारीला मराठी आवाज देणारी हेमांगी म्हणाली.

“वळू दे,” दिग्दर्शक म्हणाले. “पण हसू मागच्या भागांतलंच हवं. श्वास अडकून पुन्हा फुटणारं.”

ते हसू तिचं नव्हतंच. गंमत म्हणून तिनं ते थोरल्या ताईचं उचललं होतं, आणि ताईला जाऊन दीड महिना झाला होता. हेमांगीनं डोळे मिटले आणि ताईसारखी खिदळली. सगळा स्टुडिओ हसला.

तो भाग लागला तेव्हा आईला ऐकवणार नाही, म्हणून ती टीव्ही बंद करायला धावली. आईनं तिचा हात धरला.

“थांब गं. आवाज वाढव जरा. ताई हसतेय.”