नवाबाचे नखरे

पाहुणे आले की आईचा किस्सा ठरलेला. “पाजायला घेतलं की आमचा नवाब डावीकडे तोंडच लावायचा नाही. दीड वर्ष एकाच बाजूवर काढलं मी!” सगळे हसायचे आणि मी, चाळिशी आली तरी, आतल्या खोलीत पळायचो. आज दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. आईच्या मांडीवर रिपोर्ट: गाठ कर्करोगाची, डाव्या बाजूला. समोर भिंतीवर लिहिलं होतं, ‘अंगावर पाजा, स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी करा.’ मी ते पुन्हा पुन्हा वाचत होतो. “डॉक्टर म्हणाल्या ना, तेवढ्यामुळे असं होत नाही,” आई म्हणाली. मी मान हलवली, पण नजर हलेना. तिने रिपोर्ट पालथा ठेवला. “अरे, तू उजवीकडे तोंड लावायचा नाहीस. मीच चुकून डावीकडे म्हणत आले.” त्या किश्श्यावर मी आयुष्यात पहिल्यांदाच हसलो. आई हसली नाही.