कपाटातलं रोप

आठवड्याभराची सुट्टी लागली, कुंड्यांना पाणी घालून सगळ्या घरी गेल्या, तेव्हा चिमणीने मीमीची कुंडी उचलली.

प्रयोगशाळेच्या खिडकीत नववीच्या मुलींच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीत घेवड्याचं एकच बी, माती सारखी, पाणीही सारखंच. सुट्टीनंतर जिचं काम जीवशास्त्राच्या बाईंना आवडेल, तिला समुद्राकाठच्या विज्ञान शिबिराची एकुलती एक जागा मिळणार होती. तिथे म्हणे प्रत्येकीला स्वतःचा सूक्ष्मदर्शक देतात. इथे सगळ्या वर्गात मिळून एक, आणि त्यालाही पहिला डोळा मीमीचाच लागायचा.

प्रश्न पुरता कानावर पडायच्या आत "मी, मी!" करत उठायची म्हणून ती मीमी. उत्तर येवो न येवो. नशीबही असं, की बहुतेक वेळा यायचं. चिमणीला ते तिच्याआधी यायचं, पण ओठांशी येऊन अडायचं. "मनातल्या उत्तराला मार्क नसतात गं," हे सांगून सांगून आई थकली होती. चिमणी जळायची, अगदी पोटातून जळायची. त्यात मीमीचं रोप तिच्या रोपापेक्षा बोटभर उंच निघालं, म्हणजे तर जखमेवर मीठच.

'पाने उजेडात अन्न तयार करतात.' धड्यातलं एवढंच वाक्य वाचून चिमणीने पुस्तक मिटलं होतं. उजेड नाही तर अन्न नाही. बस म्हणावं सुट्टीभर उपाशी! तिने कुंडी काचेच्या नळ्यांच्या कपाटात मागे सारली आणि दार लोटलं.

सुट्टी संपली. बाईंनी नळ्या काढायला कपाट उघडलं आणि "अगंबाई!" म्हणत त्या मागे सरकल्या.

रोप मेलं नव्हतं. पांढरंफटक पडलं होतं खरं, पण खिडकीतल्या रोपांच्या दुप्पट वाढून दाराच्या फटीकडे वाकलं होतं.

बाईंनी कुंडी टेबलावर ठेवली. "हे आत कोणी ठेवलं?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मीमी तर आ वासून आपल्या कुंडीकडे बघत राहिली.

"अगं, घाबरता कशाला? अंधारात रोप उजेड शोधत असं लांबच लांब वाढतं. हा आपला पुढचा धडा, आणि कोणीतरी तो आधीच करून बघितलाय! बी तेच, माती तीच, बदलला फक्त उजेड. याला म्हणतात प्रयोग. बाकीच्यांनी नुसतं पाणी घातलं. जिने हे केलं, तीच जाईल शिबिराला. चल, ऊठ बघू."

जागा चिमणीची होती! पण मीमीचीच कुंडी का, असं विचारलं तर? 'तिचं रोप सगळ्यांत उंच होतं म्हणून.' यात खोटं तरी काय होतं? कपाटात का? 'काय होतं ते बघायला.' तेही खरंच. उत्तर तयार झालं. ओठांशी आलं. या वेळी अडू द्यायचं नाही, असं ठरवून तिने बाकावर हात टेकले आणि ती अर्धी उठली.

"मी, मी!" पुढच्या बाकावरून आवाज आला. "माझीच कुंडी आहे ना, बाई."